मस्कतचं ताट

आमचे हे मस्कतला वायरमन होते. दोन वर्षांनी पहिल्या सुट्टीवर आले. पांढुर्ण्याला रेल्वेतून उतरून बसनं सौंसरला पोचेपर्यंत घरात गल्ली जमली होती. जयभीम झाला, चहा झाला, तरी कोणी उठेना. सगळ्यांचे डोळे पेटीवर. नणंदेला फॉरेनची साडी पाहिजे होती, दिराला रेडिओ-टेपवाला टू-इन-वन, आणि सासूबाईंना सेंट, तेही "वास कसा असते ते पाहाले" फक्त.

पेटी उघडली तर वरच ॲल्युमिनियमचं चेपलेलं ताट. त्याखाली काळी पडलेली किटली, ठिगळाची लुंगी, कान तुटलेला कप, अर्धी झिजलेली साबणाची वडी.

"वहिनी, फॉरेनात भंगारबी महाग असंन," नणंद म्हणाली.

हे डोक्याला हात लावून बसले. निघायच्या दिवशीही यांची ड्युटी होती, म्हणून खोलीतल्या मित्राला सांगितलं होतं, "मी घरी जाऊन राहिलो, पेटी भरून ठेव." आपल्या बोलीत याचा अर्थ नुसता 'जातो आहे'. तो मित्र रत्नागिरीकडचा. त्याला वाटलं, हा घरी जाऊन तिथंच राहणार. बिचाऱ्यानं यांचा सगळा संसार पेटीत कोंबला अन् बंद पेटी थेट विमानतळावर आणून दिली. साड्या अन् टू-इन-वन जागा नाही म्हणून खाटेवरच राहिले.

सगळे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही. ते ताट पाहून मी मनात धरूनच चालली होती, की माणूस कायमचा आला.

"मंग परत जाता?" मी विचारलं.

"सुट्टी दोनच महिन्याची हाये."

मी उठली. ताट फळीवर मांडलं, किटली चुलीवर चढवली, कप माठावर ठेवला. लोकांच्या शोकेसमध्ये काचेचे मोर असत; आमच्याकडं पाहुण्यांना कान तुटलेला कप दाखवला जाई. "मस्कतचा हाये," मी तोऱ्यात सांगायची.

जायच्या दिवशी हे फळीपाशी घुटमळले. "ताट दे."

"नाही देत. तेवढीच निशाणी हाये माह्यापाशी."

"बरं. तिकडं नवं घेतो."

"काही घेऊ नका," मी म्हणाली. "ताट-वाटी घेतली की तिथंच घर होते. मंग इकडं कोण येते?"

हे हसले, पेटी उचलली आणि बसस्टँडकडं निघाले.

पुढच्या वर्षी आले ते कायमचे. पेटीत साडी होती, टू-इन-वन होता, सेंट होतं. भांडं एकही नव्हतं.

"मंग जेवत कशात होते तुम्ही?"

"कागदावर," हे बूट काढता काढता म्हणाले. "तूच म्हनलं होतं ना, घेऊ नका."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण या माणसानं माझं काही ऐकलं असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.