दुपट्ट्याखालचे साडेतीन हजार

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही — देवळात गेलो की नुसते हात जोडतो आणि घाईघाईनं बाहेर पडतो. तुला सांगतो, कारण तू ना माझ्या गावचा, ना धंद्यातला. ऐक गड्या. मधे उठू मात्र नको, पुन्हा सुरुवात करायची हिंमत माझ्यात नाही.

मी गोंदियात जुन्या मोटारी घ्यायचो, विकायचो. त्याआधी बैलबाजारात दलाल होतो. लढाई संपली, फौजेच्या गाड्या लिलावात निघाल्या, आणि मी बैल सोडून मोटारी धरल्या. पण बाजारातली एक सवय काही सुटली नाही. बैलाचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. हातावर दुपट्टा टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात धरायचा, आणि त्याची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितका भाव. भोवती सारा बाजार उभा, तरी भाव कळतो तो दोघांनाच. मोठी हुशारीची गोष्ट, नाही का? मला तर तिचा भारी गर्व होता.

सोमाजी सडक अर्जुनीचा, माझा जिवाचा मित्र. त्याची बायको भागरथा माझ्या गावची, सालेकशाकडची. लहानपणापासून मला दादा म्हणायची, भाऊबीजेला ओवाळायची. त्यांचं लग्न मीच जुळवलं होतं. आता या सोमाजीला मोटारीचं वेड लागलं. अर्जुनीहून गोंदियाच्या स्टेशनापर्यंत सवाऱ्या नेईन म्हणे! मोठा भाऊ दयाराम — घर एकत्र, कारभार त्याचा — आधी नाहीच म्हणत होता. मग वितळला. सडकेकाठची धानाची बांधी विकून त्यानं साडेतीन हजार सोमाजीच्या हातात ठेवले.

मी त्याला गाडी दिली. गाडी चांगली होती, हे आधीच सांगून ठेवतो. गाडीत खोट नव्हती.

तेव्हा विक्रीकर नवा नवा लागला होता. मला तर ती दिवसाढवळ्या लूट वाटायची. घाम माझा, लिलावात बोली माझी, आणि वाटा सरकारचा? मी दुपट्टा टाकला, सोमाजीची तीन बोटं दाबली, चौथ्याचं अर्धं पेर दाबलं. साडेतीन हजार. आणि मग म्हणालो, "कागदावर बाराशेच लिहू. कराचे शंभर-सव्वाशे वाचतीन. अर्धे तुले, अर्धे मले."

"अन् उद्या काई झालं तं?" तो म्हणाला.

"काय होते बाप्पा? तू आहेस, मी आहो. फक्त घरी बोलू नको, गोष्ट फुटते. दयारामलेही नाही."

"भागरथेले तं सांगू ना?"

मी हसलो. म्हणालो, तिले सांग, ते माह्या गावची आहे.

नोटा त्यानं माझ्या घरी, दार लावून दिल्या. बाराशेचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि भोंगा वाजवत गेला. त्याचं ते वाजवणं मला अजून ऐकू येतं.

चार महिने गाडी छान चालली. भादव्यात त्याला हिवताप आला, डोक्यात चढला, आणि पाचव्या दिवशी सोमाजी गेला. तिशीही गाठली नव्हती रे त्यानं.

तेरवी झाली. दयारामनं पेटी उघडली, कागद निघाला. त्याला वाचता येत नव्हतं, मास्तरानं वाचून दाखवला. बाराशे! मग उरलेले तेवीसशे गेले कुठं? भागरथा म्हणाली, कागद खोटा आहे, कर वाचवायला लिहिला आहे. कोण विश्वास ठेवणार? तिनं ते माहेरी पोचते केले, असं घरात ठरलं. आणि मला अर्जुनीला बोलावणं आलं.

इथपर्यंत मी सरळ सांगत आलो. आता जीभ अडते आहे.

त्याच आठवड्यात विक्रीकराचे साहेब गोंदियात उतरले होते. दोन व्यापाऱ्यांचे कागद त्यांनी धरले, दंड ठोकला. माझी पाचावर धारण बसली होती. एक कागद खोटा निघाला की बाकीचे सारे तपासतील — आणि बाकीचे कसे होते, ते तुला वेगळं सांगायला पाहिजे का? त्या धास्तीतच मी अर्जुनीला गेलो.

दुपारची वेळ. ओसरीत गावचे चार लोक. भागरथा दाराआड, कारण दयाराम तिचा भासरा, थोरला दीर, त्याच्यासमोर ती यायची नाही. दयारामनं तो कागद माझ्यापुढं धरला. "शेठ, तुमीच सांगा. गाडी कितीची?"

दाराआडून आवाज आला, "दादा, सांग ना. साडेतीन हजार. यायनं मले बोटं दाबून दाखवले होते."

किती साधी गोष्ट होती! दोन शब्द. दंड भरावा लागला असता, फार तर धंदा बसला असता, पुन्हा बैलांकडे गेलो असतो. मेलो तर नसतो ना?

मी म्हणालो, "कागदात लिहिलं आहे, तेच."

दाराआडून ती आत निघून गेली. रडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. नवऱ्याची राख थंड झाली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी तिला बैलगाडीत बसवून माहेरी धाडलं. पोटचं लेकरू नव्हतं, म्हणून अडवणारंही कोणी नव्हतं.

भीतीनं बोललो नाही, असं म्हणून मी इथंच थांबू शकतो. बरीच वर्षं स्वतःला तसंच सांगत आलो. पण ते खोटं आहे गड्या. त्याच ओसरीत, चहा पिता पिता, दयाराम म्हणाला, आता गाडी चालवणार कोण, तुमीच परत घ्या. आणि मी घेतली. कागदावरच्या भावानं. चार महिने वापरली म्हणून दोनशे कापून — हजारात! महिन्याभरानं तीच गाडी तीन हजारांना विकली. त्या वेळी साहेबांची धास्ती होती, म्हणून पावतीवर किंमत पूर्ण, खरी लिहिली. कर एक पैसाही बुडवला नाही.

गावी जायचो तेव्हा भागरथेच्या बापाचं घर दिसायचं. छपराचे कवेलू फुटलेले, भिंतीला ओल. तेवीसशे रुपये आलेलं घर असं असतं का? पण गावानंही तिला विचारलं, कुठं पुरून ठेवले? बापानंही विचारलं म्हणे. सख्ख्या बापानं! ती उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायची, मोहफुलं वेचायची. भाऊबीजेला माझ्याकडे कधी आली नाही, आणि मी कोणत्या तोंडानं जाणार होतो?

मागच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर, पानांचे पुडे मोजून घेतात तिथं, ती मला दिसली. वळून निघणार होतो, तर तीच पुढं आली. केस पांढरे, हातांना पानांचा काळा रंग. "दादा," म्हणाली, "हात दे." मी दिला. तिनं त्यावर आपला फाटका पदर टाकला आणि खाली माझी बोटं दाबली. एक. दोन. तीन. मग चौथ्याचं अर्धं पेर. आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

तिथं ना साहेब होता, ना दयाराम. कोणाचीच भीती नव्हती. तरी मी बोललो नाही. हात सोडवून घेतला आणि निघून आलो.

पौषात ती गेली. गावात आजही तिला चोरच म्हणतात.

सोमाजीनं मला साडेतीन हजार दिले होते. भागरथेनं एक पैसाही घेतला नव्हता.