बंबाला पाडलेलं भोक

आमच्या घरातल्या तांब्याच्या बंबाला मी माझ्या हातानं भोक पाडलं आणि वर समारंभ करून लोकांना पोहे खाऊ घातले. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढं मी बराच शहाण्यासारखा वागलो असं वाटेल, आणि तसं काही झालेलं नाही.

आई गेली तेव्हा वडील मांडवगण फराट्यात एकटे राहिले. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. तीन महिने मी आणि बायकोनं त्यांची मनधरणी केली, तेव्हा कुठं ते आमच्याकडं यवतला राहायला आले. येताना त्यांनी तीनच गोष्टी आणल्या. कपड्यांची पेटी, आईचा फोटो आणि बंब.

बंब म्हणजे कमरेएवढं तांब्याचं पिंप. त्याच्या पोटातून आरपार एक रुंद नळा जातो. त्या नळ्यात जाळ घालायचा, भोवतीचं पाणी तापतं. खाली जाळी, जाळीखाली राखेचं ताट, बाजूला पितळी तोटी, आणि धूर जायला डोक्यावर टोपी. आमच्याकडं थंडी पडते म्हटलं की पुण्याची माणसं हसतात. त्यांनी एकदा पौषात पहाटे भीमेच्या काठाला, उसाच्या फडाशेजारी उघड्या अंगानं उभं राहून दाखवावं. मी टाळ्या वाजवीन.

यवतच्या घरात छपरावर सोलर, न्हाणीघरात गिझर. बंबाला काम नव्हतं. आणि मला एक खोड आहे. मी शाळेत क्लार्क असलो तरी सुट्टीच्या दिवशी लग्नांत, सत्कारांत माईक धरतो. त्यामुळं कुठलीही वस्तू गप्प बसलेली मला बघवत नाही, तिला स्टेजवर चढवावंसं वाटतं. मोबाईलवर कुणाच्या तरी बंगल्यात बंबाचा दिवा केलेला मी पाहिला होता. झालं. चिंच-मीठ लावून मी बंब घासला. चकाकी टिकावी म्हणून वरून लॅकर फासलं. बुडाला ड्रिलनं भोक पाडून होल्डरची पट्टी स्क्रूनं आवळली, मधल्या नळ्यात पिवळा बल्ब सोडला. जाळी आड येत होती, ती भंगारवाल्याला दिली. हॉलच्या कोपऱ्यात बंब ठेवला, शेजाऱ्यांना बोलावलं, चार वाक्यांचं निवेदन केलं आणि आप्पांच्या हातानं बटण दाबलं. टोपीतून असा मऊ उजेड बाहेर आला की पहिली टाळी मीच वाजवली.

आप्पांनी बंबाच्या पोटावर तळहात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. मग काढला.

"छान झालाय," म्हणाले.

मी ती दाद समजलो. नटाला दाद आणि सुस्कारा यांतला फरक कळत नाही.

थंडी सुरू झाली आणि आप्पा अंघोळीला टाळाटाळ करू लागले. पहाटे चारला सवयीनं जागे व्हायचे आणि अंथरुणातच बसून राहायचे. गिझर लावून देऊ का विचारलं की "उद्या बघू." उद्या विचारलं की पुन्हा "उद्या बघू." दाढी राहिली. पारावर जाणं बंद झालं. जेवताना अर्धी भाकरी ताटात उरायला लागली. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, मन रमवा. मन रमवणं हा माझा धंदाच. मी नकला केल्या, गावातल्या जुन्या भांडणांचे प्रवेश दोन-दोन आवाजांत करून दाखवले. आप्पा सभ्य माणसासारखे हसले. इतकं वाईट हसू मला एकाही लग्नात मिळालेलं नाही.

जोडीदार गेला की वर्षभरात दुसराही जातो, अशी दोन उदाहरणं आमच्या भावकीत होती. बायकोनं आणि मी ती एकमेकांना आठवून दिली नाहीत. पण दोघांनाही ती आठवत होती.

एका रविवारी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "आप्पा रोज तुमच्या दिव्यापाशी जाऊन बसतात."

"बघ. आवडलाय त्यांना."

"हात लावून बघतात. मग हात मागं घेतात." तिनं एक देठ मोडला. "गार असतो ओ तो."

माझ्या सगळ्या कलाकृतीवर इतकं छोटं आणि इतकं बरोबर समीक्षण कुणी केलं नव्हतं.

बंब पुन्हा पेटता करायचा, असं आम्ही ठरवलं. आप्पांना न सांगता, कारण मला प्रवेश अचानक आवडतो. यवतमध्ये चौकशी केली तर प्रत्येकानं नवा गिझर घ्या असं सांगितलं. शेवटी एका आचाऱ्यानं तळेगाव ढमढेऱ्यातल्या चाचांचं नाव काढलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या कल्हईचं आणि तांब्या-पितळेचं काम. हल्ली ते मुख्यतः लग्नातल्या बिर्याणीच्या देगी दुरुस्त करतात. बाजाराच्या दिवशी मी बंब गाडीच्या मागच्या सीटवर बसवला, पट्टा लावला आणि निघालो. वाटेत दोन जणांनी वाकून आत पाहिलं. नवरी नसून बंब आहे हे कळल्यावर त्यांची फार निराशा झाली.

चाचांचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, पुढं भट्टी. चाचांनी बंब आडवा केला, चष्मा कपाळावर ढकलला आणि बुडाकडं बघत राहिले.

"हे भोक कुणी पाडलं?"

"जुनंच असंल."

"जुनं." त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "आमच्या आज्यानं हे काम सुरू केलं तवा गावात लाईट नव्हती. ड्रिल मशीन कुठनं आणलं म्हनायचं ह्या बंबानं?"

"मीच पाडलं. दिवा करायला," मी कबूल केलं.

"आन् अंगाला काय फासलंय?"

"लॅकर. चमक टिकायला."

"फर्निचर हाय व्हय हे?" मग त्यांनी मोबाईलची बॅटरी नळ्यात धरली आणि चेष्टा थांबवली. "हिकडं बघा. मधल्या नळ्याचा सांधाबी सुटलाय. हे तुमच्या भोकाच्या आधीचं हाय. बंब कोरडा जळालाय कवातरी. पानी काढत ऱ्हायले, ओतलं न्हाई कुनी."

हे ऐकून मला नवल वाटलं. कारण गावाकडं आमच्या आळीत ओतण्याचा नियम भलताच कडक होता. पहाटे आमचा बंब पेटला की शेजारपाजारची माणसं बादल्या घेऊन यायची. पण रिकामी बादली घेऊन कुणी येत नसे. आधी एक बादली गार पाणी बंबात ओतायचं, मग एक बादली ऊन पाणी काढायचं. बंबाची पातळी कधी उतरायची नाही, जाळ सुरू असताना नळा उघडा पडायचा नाही. पाहुण्यालाही यातून सूट नव्हती. असा बंब कोरडा जळाला कधी?

"करता येईल ना?" मी विचारलं.

"करता येतंय. पन हे काम घाईचं न्हाई. पुढच्या बाजाराला या."

घरी आलो तर आप्पा रिकाम्या कोपऱ्याकडं बघत बसले होते.

"पॉलिशला दिलाय," मी म्हणालो.

"बरं," म्हणाले. त्या रात्री त्यांनी पाव भाकरी खाल्ली. तिसऱ्या दिवशी शांतपणे विचारलं, "इकलास व्हय?" मी नाही म्हणालो. पण माझा आवाज माईकवरचा आला आणि त्यांनी विश्वास ठेवला नाही. अचानक प्रवेशाचं माझं प्रेम तिथंच संपलं. बंब दुरुस्तीला दिलाय, पुन्हा पेटवायचा आहे, असं सगळं सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली. पोराला बरं वाटावं म्हणून बाप हलवतो तशी.

बाजाराच्या आदल्या दिवशी चाचांचा फोन आला. "काम झालं. पन बंब ज्याचा हाय त्याला घिऊन या. तुमच्या हातात न्हाई देनार."

आप्पांना घेऊन गेलो. पाच दिवस अंघोळ नव्हती, तरी गाडीत बसण्याआधी त्यांनी स्वच्छ टोपी घातली. चाचांनी बंब विटांवर मांडून काठोकाठ भरून ठेवला होता. लॅकर बरंचसं खरवडलेलं. माझ्या भोकावर रुपयाएवढं तांब्याचं ठिगळ, ठोकून आणि झाळून बसवलेलं. नळ्याचा सांधा नवा. सळयांची नवी जाळी.

"सकाळधरनं भरलाय," चाचा म्हणाले. "आप्पा, हात फिरवा खालून."

आप्पा गुडघे धरत खाली बसले. ठिगळावरून, तोटीखालून, बुडाच्या सगळ्या कडेवरून हात फिरवला. तळवा उलटा करून पाहिला. कोरडा होता.

चाचा त्यांच्या शेजारी टेकले. मी आपला देगी बघत असल्यासारखा उभा राहिलो.

"कोरडा जळाला होता ह्यो," चाचा हळूच म्हणाले. "तुमच्यासारख्या मानसाकडं कसा काय?"

"मंडळी गेली त्या दिवशी. पहाटंचाच पेटवला होता मी. रोजच्यासारखा. पहिली बादली तिची असायची. लगीन झाल्यापासनं. ती उठायच्या आधी मी पानी तापवून ठेवायचो, मंग बाकीची आळी. त्या दिवशी ती उठलीच न्हाई. मंग तिच्या अंघोळीला तेच पानी काढलं. आन् मानसं जमली, ज्याला लागंल तसं काढत गेली. ओतायची सुद कुनाला व्हती?"

"बरोबर हाय," चाचा म्हणाले.

"संध्याकाळी बघितला तर नळा काळानिळा. मंग पेटवलाच न्हाई. कुनासाठी पेटवायचा?"

मी देगीच्या कडेला धरून उभा होतो. त्या दिवशी तोटीखाली बादल्या भरून देणारा मी होतो. माणसं मागत होती आणि मी काढून देत होतो. एकदाही ओतलं नाही. म्हणजे बंबाची दोन्ही भोकं माझीच. आणि आप्पांना पहिल्याचा पत्ता कधीपासून होता, तरी त्यांनी दुसऱ्याचं बटण दाबलं होतं आणि छान झालाय म्हणाले होते.

घरी येऊन मागच्या अंगणात विटांवर बंब मांडला. आप्पांनी दुपारीच एकदा पेटवून बघायचं ठरवलं. दाणे काढलेल्या मक्याची बुरकुंडं खाली, बाभळीच्या ढलप्या वर. जाळ धरला आणि उरलेल्या लॅकरनं असा वास सोडला की भिंतीपलीकडून शेजारच्या मामांचं डोकं वर आलं. मामा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेत.

"काय ओ, टायर जाळताय का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "आमच्या पोरानं बंबाला नेलपॉलिश लावलंय."

आणि स्वतःच हसले. नकलांना हसले होते तसं नव्हे. खोकला येईपर्यंत हसले. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या वाक्यावर जळलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायकोची रोजची धांदल चालू होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिला साडेसहाची गाडी असते. ती गिझरच्या पाण्यानं अंघोळ उरकून, वेणी घालून, साडीला पिन लावून डबा भरत होती. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आप्पा येऊन उभे राहिले. डोक्याला मफलर, नाकावर काजळीचा ठिपका.

"सूनबाई, पानी तापलंय. पहिली बादली काढून ठिवलीय तुमच्यासाठी."

मी तोंड उघडलं. अहो आप्पा, तिची अंघोळ कधीच झाली, हे वाक्य माझ्या ओठांवर होतं. बायकोनं माझ्याकडं एकदाच पाहिलं आणि मी ते गिळलं.

"आले आप्पा," ती म्हणाली. डब्याचं झाकण बाजूला ठेवलं, साडीची पिन काढली, वेणी सोडली आणि टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेली.

आतून पाणी पडल्याचा आवाज आला. आप्पा तो ऐकत अंगणात उभे राहिले. साडेसहाची गाडी गेली. नंतर मी तिला स्कूटरवर सोडून आलो, आणि वाटेत तिनं एवढंच सांगितलं की धुराचा वास असलेलं पाणी अंगाला जास्त वेळ ऊन लागतं. त्या दिवसापासून ती गिझर लावत नाही. पहाटे आप्पांची हाक येईपर्यंत वेणीही घालत नाही.

पण हे नंतरचं. त्या वेळी आतला आवाज थांबला तेव्हा मी माझ्यासाठी बादली घेऊन तोटीपाशी गेलो होतो. आप्पांनी माझ्या हातातली रिकामी बादली पाहिली.

"आधी ओत," म्हणाले.

मी नळावरून गार पाण्याची बादली भरून आणली आणि बंबाच्या तोंडात हळूहळू ओतली. आप्पा वाकून पातळी बघत होते. भिंतीपलीकडून मामांची हाक आली, एखादी बादली मिळेल का. आप्पांनी त्यांनाही तेच सांगितलं, भरून आना. मग त्यांनी मफलर सोडून माझ्या खांद्यावर टाकला, स्वतःची बादली तोटीखाली सरकवली आणि अंगरख्याची बटणं काढायला लागले.