मोठ्या चाकांची गाडी

रबर जळाल्याचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. अहमदपूरचे नळ कोरडे पडले त्या उन्हाळ्यात दादानं बाबांच्या जुन्या गाडीला मोठी चाकं आणि रुंद टायर बसवून आणले. "घासणार न्हाईत ना?" बाबांनी विचारलं. "लई शोभून दिसून राहिले, बाबा," एवढंच तो म्हणाला. आठवड्याभरातच आम्ही तिघं त्या गाडीतून मावशीच्या विहिरीवरून पाण्याचे सहा कॅन आणत होतो. वजनानं गाडी मागच्या बाजूनं खाली बसली, प्रत्येक खड्ड्यात टायर वरच्या पत्र्याला घासू लागले आणि आत धूर कोंदला. बाबांनी गाडी कडेला घेतली. दादा उतरून डिकी उघडत म्हणाला, "तीन कॅन ओतून देतो, न्हाईतर नवे टायर फाटतील." घरी आई दोन दिवस राखेनं भांडी पुसत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी त्याच्या हातातला कॅन हिसकावून घेतला. "पाणी न्हाई सांडायचं. तूच चालत ये!" तो बाबांकडे बघत राहिला. बाबांनी गाडी सुरू केली. भर उन्हात तो घरी पोचला, तेव्हा आईनं त्याला तांब्या दिला. मी मात्र त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाही. आता पाहुण्यांना तो हा किस्सा हसत हसत सांगतो. मी उठून आत जाते.