उंबऱ्यातली शिंक

आईला बारा महिने शिंका यायच्या, डोळे चोळून लाल व्हायचे. कुणीतरी सांगितलं, म्हशीच्या केसांमुळं असेल, विकून टाका. त्या दिवशी आई जेवली नाही. त्याच म्हशीच्या दुधावर मी बोरगावातून निपाणीला कॉलेज केलं, घरातली पहिली पदवीधर झाले. आधी नक्की कशाची अ‍ॅलर्जी आहे ते बघू म्हणून मी बेळगावच्या डॉक्टरबाईंची वेळ घेतली. शिंकांची गोळी आठवडाभर बंद ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं.

आईच्या हातावर त्यांनी धूळ, म्हशीचे केस अशा एकेका गोष्टीच्या अर्काचे थेंब ओळीनं ठेवून बारीक सुईनं टोचलं; ज्याचा त्रास, तिथं गांध उठणार. वीस मिनिटं झाली, एकही गांध उठली नाही. म्हशीच्या थेंबालाही नाही. मी आनंदानं आईचा खांदा दाबला.

डॉक्टरबाई मात्र एकाच टिंबाकडं बघत होत्या. "हा थेंब कुणालाही उठतो, तपासणी नीट होतेय का ते कळावं म्हणूनच टाकतो आम्ही. मावशी, गोळी घेतलीत?"

"न्हाय बाई."

"आज सकाळी?"

आईनं पदर सारखा केला. "एकच. चांगल्या कामाला निघताना उंबऱ्यात शिंक नको म्हणून."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "त्या एका गोळीनं सगळे थेंब गप्प केले. आता म्हशीचं काहीच सांगता येत नाही. परत या."

पुढचा आठवडा आईनं शिंकत काढला. "कोंबड्याआधी गल्ली उठतीया तुझ्यानं," माझे वडील, आप्पा, म्हणायचे. दुसऱ्यांदा निघताना तिला उंबऱ्यातच तीन शिंका आल्या. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. "बस जरा. मग जावा."

"बसतोय कशाला! शिंका हायत म्हणून तर चाललोय."

या वेळी तो कुणालाही उठणारा थेंब पहिल्यांदा उठला. मग घरातल्या धुळीतल्या बारीक किड्यांचा, चांगला टम्म. म्हशीचा सपाट.

"आजचा सपाट खरा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे किडे अंथरुणा-पांघरुणात राहतात. जुन्या वाकळा गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात घाला. म्हैस राहू दे."

घरी आल्यावर आई ठेवणीतल्या साडीतच गोठ्यात गेली. म्हशीच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "तुझं नाव न्हाय गं त्यात." आणि तिथंच शिंकली.

मी बघितलं. आप्पांनीही बघितलं.

"वाकळंची हाय ती," आई म्हणाली.