निळा ट्राउट

झेन्झीच्या स्वयंपाकघरात कुणाला लुडबुड करू दिली जात नसे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आणि गुड फ्रायडेला तिच्या पातेल्यातला ट्राउट मासा असा निळा होई की खुद्द पाद्रीबुवा येऊन वाकून बघत.

हा निळा रंग मसाल्याचा नव्हे. ताज्या माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो, त्यावर कढत व्हिनेगर पडलं की तो निळा होतो. थर पुसला गेला की संपलं, मासा उकडलेल्या बटाट्यासारखा पांढुरका दिसतो. म्हणून बव्हेरियातल्या या खोऱ्यात निळ्या ट्राउटसाठी शहाणं माणूस दुकानात जात नाही, तळ्यावर जातं.

यंदा मात्र झेन्झीचा उजवा हात थरथरायला लागला होता. मुलगा विन्सेंझ म्हणाला होता, "आई, हे शेवटचं. पुढच्या वर्षीपासून सगळे खानावळीत जेवू." झेन्झीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पातेलं कुणाच्या तरी हाती द्यायला हवं हे तिलाही कळत होतं, पण खानावळीच्या हाती ते जाणं तिच्या जिवावर आलं होतं. आणि घरात दुसरं होतं कोण? सून आनेग्रेट. तीही हांबुर्गची, पार उत्तरेकडच्या बंदराची.

गुड फ्रायडेच्या सकाळी सासू-सून तळ्यावर गेल्या. रिवाजाप्रमाणे चर्चच्या घंटा कालपासून मुक्या होत्या, त्यांच्याऐवजी पोरं लाकडी करकरे वाजवत गावभर फिरत होती. तळ्यावर बादल्या घेऊन ही रांग. तळ्याचा मालक कोर्बिनियान गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून जाळं मारत होता.

"या झेन्झीबाई. यंदा बरोबर मुकादम आणलाय वाटतं?"

"सून आहे. मुकादम मीच."

"हांबुर्गची माणसं गोड्या पाण्यातला मासा खातात का हो?"

"खातात," आनेग्रेट म्हणाली. "टोमणे मात्र उपाशीपोटी खात नाहीत."

कोर्बिनियान खो खो हसला. झेन्झीला सुनेचं उत्तर आवडलं, पण तिने चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"हात ओले कर आधी," ती कोर्बिनियानला म्हणाली. "पोट तेवढं साफ कर. पाठीला फडकं लावशील तर बघ."

"माझ्या बापालाही तुम्ही हेच सांगायचात."

"त्यालाही सांगावंच लागायचं."

घरी आल्यावर झेन्झी कपडे बदलायला माडीवर गेली. खाली आली तर ओट्यावर मासे ओळीने मांडलेले, लख्ख.

"आई, सगळे धुऊन पुसून ठेवलेत," आनेग्रेट म्हणाली. "फार बुळबुळीत होते. आमच्याकडे असा मासा कुणी पातेल्याजवळ येऊ देत नाही."

झेन्झीने एका माशावरून बोट फिरवलं. कोरडा ठणठणीत.

"पाठसुद्धा पुसलीस?"

"दोनदा."

दारातून विन्सेंझ म्हणाला, "जाऊ दे, तळून टाकू. पुढच्या वर्षीचं खानावळीत आत्ताच सांगून ठेवतो." त्याने फोन काढलासुद्धा.

झेन्झीला राग आला, चांगला सणकून आला. पण तिची नजर पुन्हा त्या माशांवर गेली. शेपटीला शेपटी लावून, परीटघडीच्या कपड्यांसारखे ठेवलेले. काम असं मन लावून करणारं माणूस तिने या घरात स्वतःशिवाय पाहिलं नव्हतं. तिचा राग तिथेच ओसरला.

"फोन खिशात ठेव," ती मुलाला म्हणाली. "हे संध्याकाळी तळू. आनेग्रेट, बादली घे."

तळ्याच्या वाटेत तिने सुनेला थराचं सगळं सांगितलं. आनेग्रेट लाल झाली. "हे आधी नाही का सांगायचं?"

"आमच्या घरात सांगायची पद्धत नव्हती. आता पाडू."

कोर्बिनियान जाळं गुंडाळायच्या बेतात होता. "इतक्यात संपले? की हांबुर्गला धाडलेत?"

"तोंड आवर आणि मासे हिच्या हातात दे."

आनेग्रेटने न सांगता दोन्ही हात पाण्यात बुडवले. तान्हं बाळ घ्यावं तसा तिने एकेक मासा घेतला आणि बादलीत ठेवला.

दुपारी झेन्झी जेवणाच्या टेबलाशी बसली. मासा यायच्या आधी ती अशी बसल्याचं विन्सेंझला आठवत नव्हतं. तिथूनच ती स्वयंपाकघरातल्या आनेग्रेटला सांगत होती, "हळू ओत. पाठीवरून. आणि उकळी येऊ देऊ नकोस."



"आई," आतून आनेग्रेटचा आवाज आला, "शेपटीपासून निळा होतोय. बघायला या ना."

झेन्झी उठायच्या बेतात होती. तिने स्वतःला आवरलं. "ताटात बघीन," ती म्हणाली.

विन्सेंझच मग बघायला उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"तू आधी बाजूला हो बघू," आतून आनेग्रेट म्हणाली. "इथे कुणाची लुडबुड नकोय मला."

झेन्झीने मांडीवर रुमाल पसरला आणि ताटाची वाट बघत बसली.