वर्दी उतरवायला लावणारे मडावीभाऊ

सुभेदार मेजर दौलतराव मडावी यांची माझी पहिली भेट आमच्या एटापल्लीच्या शाळेत झाली आणि पहिल्याच भेटीत मी वैतागले. ते नुकतेच निवृत्त होऊन गावी परतले होते. प्रजासत्ताक दिनाला त्यांनी मुलांना लढाई सांगावी म्हणून मीच आग्रहाने बोलावले. मुले तोफा ऐकायला बसलेली. भाऊंनी सांगितले ते ब्रिगेडचे पाणी. हजारो जवानांना प्यायला पाणी कुठून आणायचे, शौचाचे खड्डे त्यापासून किती लांब खणायचे. न राहवून मी म्हटले, "भाऊ, लढाईचं सांगा ना!"

"लढाईचंच तं सांगून राह्यलो, बाई. हगवणीनं आडवा झालेला जवान कोनाशी लढते?"

भाषण संपताच त्यांनी शाळेची टाकी उघडून पाहिली आणि आम्हा शिक्षकांना इस्त्रीच्या कपड्यांनिशी ती घासायला लावली.

त्यांचा प्रेमळपणाही असाच. माझ्या आईला मलेरिया झाला, तेव्हा न बोलावता जीप घेऊन दारात उभे राहिले, गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचवले. पण मच्छरदाणी लावली नाही म्हणून वाटभर मला बोलत होते.

मात्र पुराच्या वर्षी जे पाहिले, ते भाऊंच्या या गौरवग्रंथात यायलाच हवे. नदीपलीकडचा टोला, म्हणजे छोटी वस्ती, पाण्याने वेढला होता. लष्कराच्या एका ब्रिगेडची तुकडी होड्या घेऊन आली. भाषा कळावी म्हणून भाऊ सोबत गेले, शिधा वाटायला मी. पण होडी जवळ जाताच टेकाडावरची माणसे झाडीत शिरली. वर्दी कोणाचीही असो, ती दिसली की दूर व्हायचे, हे या जंगलाने त्यांना शिकवलेले.

भाऊ तरुण कॅप्टनला म्हणाले, "साब, वर्दी उतारिये. सबकी."

"सुभेदार साहब, ऑर्डर के बिना नहीं होगा."

"तो ऑर्डर मँगवाइये. पानी रुकेगा क्या?"

मी कपाळाला हात लावला. पाणी चढत होते आणि हे वाद घालत होते! कॅप्टननी एकदा चढत्या पाण्याकडे पाहिले. मग त्यांनी स्वतःचा शर्ट काढून होडीत ठेवला. मागोमाग सगळे जवान बनियनवर आले. भाऊ कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि गोंडीत एकेकाला नावाने हाका मारू लागले. पहिली एक म्हातारी आली, ती बकरी घेऊनच. बकरीशिवाय बसेना. कॅप्टन वैतागले, भाऊंनी बकरी उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवली.

शेवटची खेप निघाली तरी भाऊ पाण्यातच. दुखऱ्या गुडघ्याने लंगडत ते झाडीकडे पाहत होते. मी ओरडले, "भाऊ, बसा आता!"

"थांबा ना, बाई. मागं कोनी राह्यलं काय, पाहू द्या."

त्या दिवशी मागे कोणी राहिले नाही.

परवा डॉक्टरांनी पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया सुचवली, तर भाऊ नेहमीसारखेच म्हणाले, "धान कापनी झाल्यावर पाहू." किती धानकापण्या झाल्या! भाऊ, पंचाहत्तरी झाली. आता तरी कोणाचे ऐका. आपणांस उदंड, निरोगी आयुष्य लाभो. पूर पुन्हा येईल, आम्हीही येऊ. फक्त त्या वेळी आपण आधी होडीत बसा. मागे कोण राहिले, ते आम्ही पाहू.