ओव्याला विचारून

आमच्या स्वयंपाकघरात ऊन येत नाही. म्हणून आईच्या अंगणातून आणलेला पानांचा ओवा मी कुंडीत, दिव्याखाली वाढवला. जुना पिवळा दिवा चांगलाच तापायचा. रोज सकाळी वाटीभर पाणी घातलं की झाड खूश. मग एलईडी लावला. उजेड लख्ख पडला, पण ओव्याची पानं पिवळी पडून गळायला लागली. मी पाणी वाढवलं. आपल्याला प्रेम करायचं म्हणजे आग्रह करून वाढायचंच माहीत.

शेजारच्या मालतीकाकूंनी कुंडीत सरळ बोट खुपसलं. "अगं, चिखल झालाय नुसता! जुन्या दिव्याच्या धगीनं माती वाळायची. हा थंड आहे. आता त्याला विचारून पाणी घाल."

तेव्हापासून आधी बोट, मग वाटी. बहुतेक वेळा सकाळी माती नको म्हणते, आणि ते ऐकून मला आता वाईट वाटत नाही. हात मागे घेताना एखादं कोवळं पान घासतं आणि आईचं अंगण दिवसभर बोटांना राहतं.

झाड पुन्हा भरलं तेव्हा पहिली भजी काकूंकडे नेली. वाढण्याआधी विचारलं, "किती घालू?"

"मी काय ओवा आहे, विचारतेस ती?" म्हणत काकूंनी ताटलीच पुढे केली.